रुग्णाची फाइल कोणी उघडायची?

अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की तालुक्याच्या गावातला छोटा दवाखाना, रुग्णाची माहिती खासगीच असते. ती संगणकावर आली की प्रश्न पडतो : फाइल कोणी लिहायची, कोणी नुसती वाचायची आणि कोणी उघडायचीच नाही? हे ठरवणे म्हणजे सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा पहिला धडा. तो शिकायला बीड जिल्ह्यातल्या मुलामुलींनी पुण्यात खोली घेऊन महागडा क्लास लावायलाच हवा, असे नाही.

लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्या मोफत मिळतात आणि जुन्या संगणकावरही चालतील अशा हलक्या आवृत्त्या आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे छोटे धडे मराठी निवेदनासह आहेत. एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही पाहता येतात.

लिनक्समध्ये वाचण्याच्या परवानगीला ४, लिहिण्याच्या २ आणि चालवण्याच्या परवानगीला १ अंक असतो. फाइलला ६४० ही परवानगी दिली, तर मालक वाचू-लिहू शकतो (४+२), त्याचा गट फक्त वाचतो (४) आणि इतरांना काहीच दिसत नाही (०). मात्र ‘रूट’ या खात्याला सगळीच दारे उघडी असतात. तिथे एक चुकीची आज्ञा सारे पुसून टाकू शकते. म्हणून रोजचे काम साध्या खात्यातून करावे आणि गरजेपुरताच ‘सुडो’ वापरावा.

दुसरा धडा विजेचा. काम चालू असताना वीज गेली तर काय? लिनक्सची ‘ईएक्सटी-४’ फाइल व्यवस्था आपल्या रचनेतला बदल आधी एका नोंदवहीत टिपते. संगणक पुन्हा सुरू झाला की पूर्ण नोंदी अमलात येतात, अर्धवट सोडून दिल्या जातात. त्यामुळे रचना शाबूत राहते; पण सेव्ह न केलेला मजकूर किंवा बिघडलेली डिस्क त्यातून परत येत नाही. त्यासाठी वेगळ्या डिस्कवर बॅकअप हवाच आणि तो परत आणता येतो का, हेही अधूनमधून तपासावे.

सराव मात्र दवाखान्याच्या चालू संगणकावर नको. घरातला अडगळीत पडलेला संगणक त्यासाठी पुरेसा आहे. तिथे चूक झाली, तरी कोणा रुग्णाची नोंद हरवत नाही.