सगळा दोष फ्लॅटचा नाही

नेरूळला सकाळच्या पनवेल लोकलमध्ये तीन पुडांचा स्टीलचा डबा सांभाळत एक आजी चढतात आणि तिसऱ्या स्टेशनावर, खारघरला उतरतात. डब्यात नातवासाठी वरण-भात आणि घारगे. मुलगा-सून तिकडे, आजी-आजोबा इकडे. आता हे कुटुंब एकत्र म्हणायचं की विभक्त?

सोसायटीच्या बाकावर याचं उत्तर तयार असतं. पूर्वी सगळे गुण्यागोविंदानं एकत्र नांदायचे, वन-बीएचकेनं घरं फोडली. पण नवी मुंबई वसवणारी सिडको आली १९७० साली. त्याआधीच, १९६१ मध्ये, मानवशास्त्रज्ञ हेन्री ओरेन्स्टाइन यांनी जनगणनेचे जुने आकडे तपासले, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९५१ पर्यंत घरातल्या माणसांची सरासरी घटलेली दिसली नाही. समाजशास्त्रज्ञ ए. एम. शहा यांनी गुजरातेतल्या एका गावची १८२५ ची कागदपत्रं पाहिली. तिथंही बरीचशी घरं लहानच निघाली. यात नवल नाही. आयुष्यच तोकडं होतं, नातवाची मुंज बघायला आजोबा उरायचेच असं नाही. बाप गेला की भावांच्या वाटण्या व्हायच्या. मोठे वाडे होते, पण ते सगळ्यांचे नव्हते.

इरावती कर्व्यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची खूण सांगितली ती अशी: एक छप्पर, एक चूल, समाईक मालमत्ता, एकच कुळाचार. या मापानं आजींचं घर वेगळं. पण समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातल्या महुवा गावी पाहिलं की चुली वेगळ्या झाल्या तरी देणंघेणं, दुखणीखुपणी, लग्नाकार्याचे निर्णय एकत्रच चालतात. त्यांचं पुस्तक १९६४ चं. मला विचाराल तर आजींचा डबा देसायांच्या बाजूनं साक्ष देतो.

दुसरा लाडका समज: घटस्फोट हे पाश्चात्त्य खूळ, तेही शहरी. मग ‘काडीमोड’ हा शब्द कुठून आला? महाराष्ट्रातल्या अनेक जातींत काडीमोड होता आणि बाईला पुन्हा पाटही लावता येई. नव्हता तो मुख्यतः वरच्या जातींत, आणि आपण त्यांचीच रीत सगळ्यांची परंपरा म्हणून धरून बसलो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानंही रूढीनं होणारा काडीमोड रद्द केला नाही. २०११ च्या जनगणनेत घटस्फोटित सुमारे साडेतेरा लाख, तर कागदाविना विभक्त राहणारे जवळपास ३५ लाख. म्हणजे कोर्टात न जाताच मोडलेले संसार कितीतरी जास्त. आणि हे प्रमाण खेड्यात अन् शहरात जवळपास सारखंच आहे.

सगळ्यात जड समज मात्र मुलांचा. ‘पोरांसाठी तरी एकत्र राहा.’ अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल अमाटो यांनी ब्रूस कीथ यांच्याबरोबर १९९१ मध्ये ९२ अभ्यास एकत्र ताडून पाहिले. त्यांत १३ हजारांहून अधिक मुलं होती. घटस्फोटित आईबापांची मुलं सरासरीनं थोडी मागे होती, पण फरक लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच लहान निघाला. १९९५ चा त्यांचा पुढचा अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. ज्या घरात सतत कडाक्याची भांडणं होती, तिथली मुलं आईबाप वेगळे झाल्यावर पुढं बरी राहिली. जिथं वरवर शांतता होती, तिथं मात्र घटस्फोटानं मुलांचं नुकसान झालं. त्यांच्या दृष्टीनं तर आकाशच कोसळलं होतं. थोडक्यात, एकत्र राहणं आणि वेगळं होणं, दोन्हींना एकच नियम लागत नाही. बंद दाराआडची धुसफुस पोराला कळत नाही, असं समजणाऱ्यांनी एकदा फ्लॅटच्या भिंतीची जाडी बघावी.

हे आकडे अमेरिकेतले आहेत, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे प्रश्न अनेकदा बाईच्या हातात पगार आहे का, माहेरचं दार उघडं आहे का आणि भाडं कोण भरणार, इथं अडतो.

राहता राहिला ताब्याचा समज: पाच वर्षं झाली की मूल बापाकडे जातंच. १९५६ च्या पालकत्व कायद्यात आहे ते एवढंच, की पाचाच्या आतलं मूल ‘सर्वसाधारणपणे’ आईकडे असावं. पाचानंतर आपोआप बापाकडे, असं त्यात कुठंच नाही. उलट मुलाचं हित सर्वांत वर, असं त्याच कायद्याचं तेरावं कलम सांगतं.