ई-सिगारेट : धोका कोणाला, लाभ कोणाला?

ई-सिगारेटमध्ये तंबाखू जळत नाही. बॅटरीच्या साहाय्याने निकोटीनयुक्त द्रव तापवून त्याचे सूक्ष्म तुषार श्वासावाटे घेतले जातात. ज्वलन नसल्याने सिगारेटच्या धुरापेक्षा त्यांत विषारी घटक कमी असतात. परंतु 'कमी' म्हणजे 'निरुपद्रवी' नव्हे. निकोटीनचे व्यसन जडते आणि किशोरवयीन मेंदूच्या विकासावर त्याचा विपरीत परिणाम होतो.

त्यामुळे वापरकर्ता कोण, हा प्रश्न निर्णायक ठरतो. दीर्घकाळ धूम्रपान करणारी प्रौढ व्यक्ती सिगारेट पूर्णपणे सोडून याकडे वळली, तर तिची हानी घटू शकते. ब्रिटनमधील वापरकर्ते प्रामुख्याने असे आजी-माजी धूम्रपानकर्ते आहेत. अमेरिकेतील अनुभव वेगळा आहे. तेथील उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांतील वापराचे प्रमाण २०१७ मधील ११.७ टक्क्यांवरून २०१९ मध्ये २७.५ टक्क्यांवर गेले. फळांचे व पुदिन्याचे स्वाद हे त्यामागील एक प्रमुख आकर्षण होते. २०२४ मध्ये हे प्रमाण ७.८ टक्क्यांपर्यंत उतरले.

भारताचे चित्र याहून निराळे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार १५ वर्षांवरील २८.६ टक्के भारतीय तंबाखूचे सेवन करत होते. त्यांत धूरविरहित तंबाखूचे प्रमाण २१.४ टक्के, तर धूम्रपानाचे १०.७ टक्के होते. बिडी ओढणारे ७.७ टक्के, सिगारेट ओढणारे केवळ ४ टक्के. अर्थात, ज्या सिगारेटला हा महागडा पर्याय सुचवला जातो, तिचे ग्राहकच येथे अल्पसंख्य आहेत. गुटखा वा खैनी खाणाऱ्या मजुराला त्याचा उपयोग नाही. शहरी तरुणाला मात्र नव्या व्यसनाचे दार खुले होते. लाभ मर्यादित, धोका व्यापक, असा हा हिशेब आहे.

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आणि डिसेंबरमध्ये त्याची जागा घेणारा कायदा आला. त्याद्वारे ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवणूक व जाहिरात यांवर बंदी घालण्यात आली. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. साठवणुकीसाठी कमाल शिक्षा सहा महिने कारावास वा पन्नास हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी आहे.

तथापि बंदीने नवे व्यसन रोखले, तरी जुने सुटत नाही. बिडी व खैनीच्या विळख्यातील कोट्यवधींना समुपदेशन व उपचार सहज उपलब्ध करून देणे, हीच या धोरणाची खरी कसोटी आहे.