दात्यांची सद्दी मोडणारी रचना

१७९५ मध्ये स्थापन झालेल्या लंडन मिशनरी सोसायटीत धर्मप्रचारक पाठवणारे ब्रिटनमध्ये आणि त्यांना स्वीकारणारे आशिया, आफ्रिका व पॅसिफिक बेटांवर, अशी विभागणी दीर्घकाळ रूढ होती. तिची वारसदार असलेल्या कौन्सिल फॉर वर्ल्ड मिशनने १९७७ मध्ये ही विभागणी मोडली. तेव्हापासून सदस्य चर्चेस, म्हणजे निरनिराळ्या देशांतील स्वायत्त प्रॉटेस्टंट धर्मसंस्था, सामायिक निधी व मनुष्यबळ यांचा विनियोग एकत्र बसून ठरवू लागल्या आणि दक्षिणेकडील देशांतला सेवकही ब्रिटनमध्ये कामासाठी जाऊ लागला. निधी मात्र बराचसा जुन्या मिशनच्या मालमत्तेतूनच आलेला असल्याने ही समता घटनेत लिहिण्याइतकी व्यवहारात सोपी नव्हती. पुढे कौन्सिलचे मुख्यालयही लंडनहून सिंगापूरला गेले. महाराष्ट्रात मंडळ्या असलेले चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संस्थेचे सदस्य आहे.