पंचगंगेचे फूट आणि क्युसेक

जोतिबाच्या डोंगरावर पडणारा पाऊस दोन वाटांनी खाली उतरतो. दक्षिणेच्या उतारावरचे पाणी कासारी-पंचगंगेकडे जाते, उत्तरेचे कोडोलीच्या अंगाने वारणेकडे. वारणा हरिपूरला कृष्णेत मिळते, पंचगंगा त्याच्या खाली नृसिंहवाडीला. डोंगराच्या पायथ्याशी प्रयाग चिखली आहे. भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारीचे पाणी इथे एकत्र येऊन पंचगंगा होते. पाऊस लागून राहिला की चिखली, आंबेवाडीतली माणसे गुरे बाहेर काढायची तयारी करतात आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?’

या आकड्यावर गावे हलतात, रस्ते बंद होतात, शाळांना सुट्टी मिळते. पण त्याचा अर्थ लावताना बरीच गफलत होते.

पहिली गफलत म्हणजे ‘43 फूट’ ही नदीची खोली समजणे. कोल्हापुरात कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी आहे. हे फूट तिथल्या मोजपट्टीच्या शून्यापासून मोजतात. तो शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे, समुद्रसपाटीच्या हिशेबाने पक्का केलेला एक बिंदू आहे. त्या हिशेबाने 39 फूट म्हणजे 542.07 मीटर आणि 43 फूट म्हणजे 543.29 मीटर. गाळ साचून तळ वर आला किंवा पुराने खरवडून खाली गेला, तरी मोजपट्टीचा शून्य हलत नाही. म्हणूनच कालचा आकडा आजच्या आकड्याशी जोडता येतो.

याच कारणाने कोल्हापूरचे फूट आणि सांगलीचे फूट यांची तुलना करू नये. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 आणि धोका पातळी 45 फूट आहे. ‘सांगलीत 44, कोल्हापुरात 42, म्हणजे तिकडे पूर मोठा’ असे बोलले जाते. दोन नद्या, दोन पात्रे, दोन वेगळे शून्य. प्रत्येक आकडा त्याच्या स्वतःच्या इशारा आणि धोका पातळीशीच ताडायचा असतो.

दुसरा गैरसमज जास्त खोल रुजलेला आहे: पातळी कळली की नदीतून किती पाणी चालले आहे तेही कळले. पातळी ही उंची आहे आणि प्रवाह म्हणजे दर सेकंदाला पुढे जाणारे पाणी. तो क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफुटांत मोजतात. एक घनफूट म्हणजे साधारण 28.3 लिटर. राधानगरी धरणाचे सातपैकी चार स्वयंचलित दरवाजे आणि वीजगृह मिळून 7112 क्युसेक सुटले, अशी बातमी पावसाळ्यात येते. हे पाणी सेकंदाला दोन लाख लिटरच्या आसपास आहे. दहा हजार लिटरचे वीस टँकर दर सेकंदाला ओतावेत तेवढे. आणि 11,574 क्युसेकचा प्रवाह चोवीस तास टिकला, तर एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी वाहून जाते.

हा प्रवाह मोजतात तरी कसा? सरितामापन केंद्र म्हणजे नदीकाठी रोवलेली रंगवलेली पट्टी, असे अनेकांना वाटते. पट्टी वाचणे हे तिथले सर्वांत सोपे काम आहे. खरे काम पाण्यात असते. सरळ वाहणारा, दोन्ही काठ स्थिर असलेला टप्पा निवडून नदीचा आडवा छेद घेतात. त्याचे वीस-पंचवीस उभे भाग पाडतात. प्रत्येक भागात खोली मोजतात आणि माशाच्या आकाराच्या जड वजनाला जोडलेला वेगमापक पाण्यात सोडतात. त्याचे कप किंवा पंखा ठरावीक वेळात किती फेरे घेतो ते मोजायचे आणि फेऱ्यांवरून वेग काढायचा. हे काम होडीतून, पुलावरून किंवा नदीवर ताणलेल्या तारेवरच्या पाळण्यातून होते. उन्हाळ्यात तर गुडघाभर पाण्यात उभे राहूनही. वेगमापक वेळोवेळी तपासून घ्यावा लागतो. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात त्यासाठी खास लांब टाकी आहे.

वेग कुठल्या खोलीवर मोजायचा, यालाही महत्त्व आहे. काठावरून लाकडाचा ओंडका धावताना पाहून आपण म्हणतो, काय ओढ आहे पाण्याला! पण तो फक्त पृष्ठभागाचा वेग झाला. तळाशी आणि काठांशी पाणी घासत जाते, म्हणून तिथे ते मंद असते. उथळ पाण्यात पृष्ठभागापासून सहा-दशांश खोलीवरचा वेग सरासरीच्या जवळ येतो. खोल पाण्यात दोन-दशांश आणि आठ-दशांश खोलीवरच्या वेगांची सरासरी घेतात. महापुरात वेगमापक सोडणेच धोक्याचे होते, तेव्हा तरंगत्या वस्तूचा वेग घेऊन त्याला साधारण 0.85 ते 0.9 ने गुणावे लागते. नुसता ओंडक्याचा वेग धरला, तर नदीत आहे त्यापेक्षा जास्त पाणी दिसेल.

सगळ्या भागांचे क्षेत्रफळ गुणिले वेग यांची बेरीज म्हणजे त्या वेळचा प्रवाह. समजा पात्र 100 मीटर रुंद, सरासरी 6 मीटर खोल आणि वेग सेकंदाला दीड मीटर. प्रवाह झाला सेकंदाला 900 घनमीटर, म्हणजे सुमारे 31,800 क्युसेक. असे मोजमाप वेगवेगळ्या पातळ्यांवर पुन्हा पुन्हा करून पातळी आणि प्रवाह यांचा आलेख बांधतात. पुढे रोज फक्त पातळी वाचली, तरी आलेखावरून प्रवाह काढता येतो.

आता इथेच तिसरा गैरसमज येतो, की आलेख एकदा बांधला म्हणजे काम झाले. पातळी तीच असली तरी प्रवाह तोच असतो असे नाही. पूर चढताना पाण्याचा उतार जास्त असतो, म्हणून त्याच पातळीला प्रवाह जास्त, ओसरताना कमी. नृसिंहवाडीला कृष्णा फुगली, की पंचगंगेचे पाणी मागे अडते, पातळी चढते आणि वेग पडतो. केंद्रीय जल आयोगाचे पंचगंगेवरचे केंद्र शिरोळ तालुक्यात तेरवाडला आहे. संगमाच्या इतक्या जवळ या फुगवट्याचा हिशेब ठेवावाच लागतो. उन्हाळ्यात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घातले, की मागे पाणी भरपूर उभे असते आणि पुढे जवळजवळ काहीच वाहत नाही. शिवाय पुराने पात्रच बदलते, म्हणून दर मोठ्या पुरानंतर छेद पुन्हा घ्यावा लागतो आणि आलेख तपासावा लागतो.

2019 आणि 2021 मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पातळी 55 फुटांच्याही वर गेली. अशा वेळी नदी पात्रात राहत नाही, उसाच्या रानांतून आणि रस्त्यांवरून वाट काढते. तिथे वेगमापक कुठे सोडणार? या पातळ्यांचा प्रवाह आलेख पुढे वाढवून काढावा लागतो. तो अभ्यासपूर्ण अंदाज असतो, आणि त्याकडे तसेच पाहावे.

‘धरणवाल्यांनी दरवाजे उघडले म्हणून पूर आला,’ हे वाक्यही ऐकू येते. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक उंचीला पोचले की पाण्याच्या दाबानेच उघडतात. प्रत्येकातून 1428 क्युसेक सुटते. शिवाय राधानगरी 8.36, तुळशी 3.47, कासारी 2.77 आणि कुंभी 2.71 टीएमसी, अशी या चारही धरणांची मिळून साठवण साडेसतरा टीएमसीही नाही. धरणांच्या खाली पडणारा पाऊस कोणीच अडवत नाही. धरणातून सुटलेले पाणी किती आणि मोकळ्या पाणलोटातले किती, याचा निवाडा नदीवरच्या मोजणीनेच होतो. तिच्याशिवाय उरतात ते फक्त आरोप.

‘आता सेन्सर आले, माणसांची गरज नाही,’ असाही समज आहे. कृष्णा-भीमा खोऱ्यांत जलविज्ञान प्रकल्पातून स्वयंचलित यंत्रणा बसल्या आणि त्यामुळे पूरनियंत्रणाला मोठी मदत झाली. पण पुलावरचा रडार सेन्सर फक्त पातळी सांगतो. तिला प्रवाहाशी जोडणारा आलेख माणसानेच पाण्यात उतरून बांधलेला असतो.

कोरड्या दिवसांतल्या नोंदी बिनकामाच्या, हा समज तर फार महागात पडू शकतो. बच्छावत लवादाने कृष्णेचे पाणी राज्यांमध्ये वाटले, तेव्हा विजयवाड्याच्या 1894-95 पासूनच्या 78 वर्षांच्या नोंदींवरून 75 टक्के भरवशाचे, म्हणजे चारपैकी तीन वर्षे तरी मिळेल असे 2060 टीएमसी हा आकडा धरला होता. त्यातले 560 टीएमसी महाराष्ट्राला मिळाले. पुढे ब्रिजेशकुमार लवादाने 1961-62 ते 2007-08 या 47 वर्षांच्या नोंदी घेतल्या आणि हिशेब बदलला. पुराच्या चार दिवसांइतकीच मे महिन्यातल्या सकाळी आठची नोंदही अशा मालिकेत मोजली जाते. कोण्या कर्मचाऱ्याने ती अंदाजाने भरली, तर मालिका तिथेच पोकळ होते.

तेव्हा या पावसाळ्यात पातळीचा आकडा पुढे पाठवताना तीन गोष्टी जोडा: ठिकाण कोणते, वेळ कोणती आणि पाणी चढते आहे की ओसरते आहे. आपल्या गावच्या पुलावर मोजपट्टी असेल, तर तिच्यावर जाहिराती चिकटवू देऊ नका आणि रंग उडाला असेल तर पाटबंधारे कार्यालयाला कळवा.