एका छपराखालीं खेळ आणि गाणें

पैनगंगेच्या खोऱ्यांतील उमरखेडास वैशाखांत माठांतलें पाणी निवालें तरी पुष्कळ. तेथील वाचकांस बर्फावरील हॉकीची हकीकत सांगणें चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या वास्तूंत हा खेळ चाले, तिच्यांतच लता मंगेशकरांचें गाणें झालें, हें कळल्यावर ती अगदींच परकी वाटणार नाहीं.

कॅनडांतील टोरोंटो शहरचें 'मेपल लीफ गार्डन्स' हें तें क्रीडागृह. १९३१ सालीं, ऐन मंदींत, कॉन स्माइथ या गृहस्थांनीं तें सहा महिन्यांच्या आंत उभें केलें. पैसा अपुरा पडूं लागला, तेव्हां कामगारांनीं मजुरीचा कांहीं अंश रोख न घेतां कंपनीच्या भागांच्या रूपानें घेतला. विटा रचणाराच वास्तूचा भागीदार झाला!

अशा क्रीडागृहांत जमिनींत नळ्यांचें जाळें असतें. त्यांतून शून्याखालीं थंड केलेलें खारें पाणी खेळवितात, आणि वर थोडें थोडें पाणी शिंपडून २०० फूट लांब, ८५ फूट रुंद व जेमतेम इंच-दीड इंच जाड असा बर्फाचा थर गोठवितात. गाण्याच्या दिवशीं त्यावर फळ्या अंथरून खुर्च्या मांडतात. हंगाम संपला कीं बर्फ वितळवून टाकतात.

१९८५ च्या जूनमध्यें 'युनायटेड वे' या धर्मादाय संस्थेच्या निमंत्रणावरून लताबाई तेथें गायल्या. सुमारें १२,००० श्रोते जमले व दीड लाख डॉलर सत्कार्यास मिळाले. तिकडील गायिका अ‍ॅन मरे यांचें एक इंग्रजी गीतही त्यांनीं म्हटलें. गांवोगांव नाटकें करीत हिंडणाऱ्या मास्टर दीनानाथांच्या कन्येस खेळाच्या घरांत एवढा मान मिळाला, ही गोष्ट लहान नव्हे.

१९९९ सालीं हॉकीचा संघ दुसरीकडे गेला; तरी वास्तु पाडली गेली नाहीं. आज तेथें खालीं किराण्याचें मोठें दुकान आहे आणि वर एका विद्यापीठाचें क्रीडागृह, तेंही बर्फासह.

लहान गांवास बर्फ नको. पण यांतला व्यवहार घेण्याजोगा आहे. वर्षांतून चार दिवस उघडणारें सभागृह कोणत्याही गांवास जडच होतें. उंच छप्पर आणि मोकळी, सपाट जमीन असली, म्हणजे सतरंजी अंथरली कीं कीर्तन, गुंडाळली कीं कबड्डी, आणि लग्नसराईंत पंगत. ज्या दाराशीं आजोबा कीर्तनास आणि नात खेळावयास येते, त्याच्या डागडुजीसाठीं वर्गणी मागावयास फार हिंडावें लागत नाहीं.