आज तबकडीवर काय आहे?

मलकापूर (ता. कराड) : ग्रामोफोनच्या तबकड्या जमविणारे दोन दर्दी रसिक एकमेकांना भेटले किंवा दूरध्वनीवर बोलले, की ख्यालीखुशालीच्या आधी एक प्रश्न हमखास येतो : ‘सध्या काय लावलंय?’ उत्तरही ठराविक वळणाचे असते. आधी गायक, मग राग वा नाटक, मग कंपनी आणि शेवटी एक आकडा. तिऱ्हाइताला हा आकडा निरर्थक वाटतो. प्रस्तुत वार्ताहरालाही तो तसाच वाटत होता. आजोळच्या माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली उतरेपर्यंत.

मलकापूर म्हणजे बुलढाण्याचे नव्हे, शाहूवाडीचेही नव्हे. कराडला लागून, पुणे-बंगळूर महामार्गावर पसरलेले, चोवीस तास पाणी देणारे गाव म्हणून गाजलेले हे मलकापूर. येथे जुनी घरे पाडून इमारती उभ्या राहत आहेत आणि घर पाडताना माळ्यावरचे सामान एक तर भंगारात जाते किंवा दुसऱ्या माळ्यावर. आमच्या ट्रंकेत बावीस तबकड्या निघाल्या. एकावर एक आडव्या रचलेल्या, मध्ये जुन्या कॅलेंडरची पाने. तळाच्या तीन फुटलेल्या होत्या. चौथीवर बुरशीचा पांढरा थर होता, तो मी उत्साहाने स्पिरिटचा बोळा फिरवून काढला. थर गेला, आणि त्याबरोबर तबकडीची चकाकीही गेली. आता त्या जागी सुई ठेवली की केवळ खरखर ऐकू येते.

हे का घडले, ते कळायला तबकडी कशाची असते हे कळावे लागते. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी, जड, हातातून पडताच फुटणारी तबकडी प्लॅस्टिकची नसते. ती लाखेची असते. बांगड्यांना आणि मोहरेला वापरतात तीच लाख. तिच्यात दगडाची भुकटी व काजळी मिसळून तो लगदा गरम साच्यात दाबीत. लाख मद्यार्कात विरघळते. त्यामुळे स्पिरिट, कोलोन वा तत्सम द्रव लावणे म्हणजे गाणे पुसून टाकणे होय. नंतरच्या काळातील लाँगप्ले आणि बहुतेक ईपी तबकड्या व्हिनाइलच्या असतात. त्या फुटत नाहीत, पण उन्हाने वा उष्णतेने वाकतात. दोन्ही प्रकार उभेच ठेवावेत, पुस्तकांसारखे. ७८ फेऱ्यांची तबकडी मऊ कोरड्या ब्रशने झाडावी. फारच मळली असेल, तर लेबल कोरडे ठेवून साध्या पाण्याने हलक्या हाताने पुसून लगेच टिपून घ्यावी. कराड-पाटण भागातील पावसाळा पाहता, कागदी पाकिटे वर्षातून एकदा तरी बदललेली बरी.

लेबल खोटे बोलते, कडा बोलत नाही

फसलेल्या सफाईनंतर मी एका जुन्या संग्राहकांना दूरध्वनी केला. तबकडी कोणाची आहे हे त्यांनी विचारलेच नाही. ‘लेबल आणि शेवटची खाच यांच्यामध्ये जो गुळगुळीत पट्टा असतो, तो उजेडात तिरका धरा आणि तिथे काय कोरलं आहे ते वाचा,’ एवढेच ते म्हणाले.

त्या पट्ट्यावर साच्याचा क्रमांक असतो. लेबलवरचा क्रमांक हा विक्रीचा, दुकानदाराच्या सोयीचा. तोच माल पुढे वेगळ्या लेबलाने, वेगळ्या क्रमांकाने पुन्हा बाजारात येऊ शकतो. साच्याचा क्रमांक मात्र त्या दिवशी, त्या खोलीत झालेल्या त्या एकाच मुद्रणाचा असतो. एकच पद गायकाने दोनदा गायिले असेल, तर दोन मुद्रणे ओळखण्याची ती खात्रीची खूण. लेबल फाटले, वाळवीने खाल्ले, तरी हा आकडा शिल्लक राहतो. संग्राहक एकमेकांना ‘सध्या काय ऐकतो आहे’ ते आकड्यासह सांगतात, त्यामागे हौसेखेरीज हेही कारण आहे. कंपन्यांची जुनी दप्तरे सर्वत्र पूर्ण मिळत नाहीत. कोणी काय गायिले, केव्हा गायिले, याची यादी घराघरांतल्या तबकड्या वाचूनच पुरी होते.

असे काम महाराष्ट्रात पूर्वीपासून चालू आहे. १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली. पेशाने शास्त्रज्ञ असलेल्या सुरेश चांदवणकर यांनी मानद सचिव म्हणून तिचा व्याप सांभाळला. सभासदांनी आपापल्या तबकड्या आणायच्या, ऐकवायच्या आणि त्यांविषयी बोलायचे, अशा श्रवणसभा हे तिचे मुख्य काम. संस्थेच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकात कलावंतांच्या ध्वनिमुद्रिकांच्या तपशीलवार याद्या प्रसिद्ध झाल्या. ऑस्ट्रेलियन अभ्यासक मायकल किनिअर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय मुद्रणांची सूची सिद्ध केली, तीही मुंबईच्याच प्रकाशनसंस्थेने १९९४ मध्ये काढली.

या याद्यांना इतके महत्त्व का, असे विचारणाऱ्याने काही नावे आठवावीत. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले. भारतात पहिले ध्वनिमुद्रण झाले ते नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्यात. फ्रेड गैसबर्ग यंत्र घेऊन आला आणि गौहरजान गायिली. केवळ एक-पावणेदोन वर्षांचे अंतर, पण भाऊरावांचा आवाज कायमचा हरपला. भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत होते, अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत. त्यांच्या गाण्याची तबकडी मात्र उपलब्ध नाही. त्यांचे गाणे आपण शिष्यांच्या कंठातूनच ऐकायचे. अल्लादियाखाँच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या भैरवीचे मुद्रण १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांतील सोनेरी तबकडीवर चढून सूर्यमालेबाहेर निघाले आणि गुरूंची एक बाजूही पृथ्वीवर सापडत नाही! (हे उदाहरण संग्राहकांच्या गप्पांत फार वेळा येते. पण ते येणारच.)

मिरजेचा आवाज, दोन वयांत

सातारा-सांगलीकडच्या माळ्यांवर काय सापडू शकते? पलूस तालुक्यातील नागठाणे हे बालगंधर्वांचे जन्मगाव. शेटफळे गदिमांचे. दीनानाथ मंगेशकरांची बलवंत संगीत मंडळी सांगलीत राहिली, आशा भोसले यांचा जन्म १९३३ मध्ये तेथलाच. नाट्यपदे आणि भावगीते यांनी या भागातील पेट्या भरलेल्या असणे स्वाभाविक आहे. परंतु ज्याच्यासाठी संग्राहक रात्रीची गाडी पकडून येतील, तो आवाज मिरजेचा : उस्ताद अब्दुल करीमखाँ.

खाँसाहेबांनी १९०५ च्या सुमारास प्रथम तबकड्या दिल्या आणि पुन्हा १९३० च्या दशकाच्या मध्यास, ओडियन कंपनीसाठी. मधल्या काळात मुद्रणाचे तंत्रच पालटले. पूर्वी मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्याच्या तोंडाशी जाऊन जोराने गायचे, त्या हवेच्या धक्क्याने पडदा हलायचा आणि सुई मेणात खाच कोरायची. नाजूक श्रुती, तंबोऱ्याचा झंकार, यांतले फारसे काही उतरत नसे. १९२५ नंतर विजेवरील मुद्रण आले आणि दबलेला स्वरही पकडता येऊ लागला. त्यामुळे खाँसाहेबांची आधीची आणि नंतरची तबकडी लागोपाठ लावली, तर दोन निरनिराळे गायक ऐकल्याचा भास होतो. यात वयाचा भाग किती, साधनेचा किती आणि यंत्राचा किती, यावर दर्दी मंडळी तासन्‌तास वाद घालतात. मला विचाराल तर यंत्राचा वाटा आपण कमी धरतो. नंतरच्या तबकड्यांतील झिंझोटीची ठुमरी ऐकताना जो आर्त, तलम आवाज आपण ‘किराण्याचा’ म्हणून ओळखतो, तो कर्ण्यातून तसा पोहोचलाच नसता. खाँसाहेब ऑक्टोबर १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात निवर्तले. मिरजेच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही गायन होते.

ऐकताना आणखी एक मेख असते. ‘७८’ हा आकडा सुरुवातीच्या काळात नावापुरताच होता. मुद्रण कधी ७२ फेऱ्यांनी होई, कधी ८० ने. ७२ ने मुद्रित केलेली तीन मिनिटांची बाजू ७८ ने वाजविली, तर ती चौदा सेकंद आधी संपते आणि गायकाचा षड्ज एका अर्धस्वराहूनही वर चढतो. काळी एकमध्ये गाणारा पांढरी दोनच्या पुढे जातो. म्हणून जाणते संग्राहक हाताशी पेटी घेऊन बसतात व वेग स्वरावरून जुळवितात.

सुईचेही तसेच. ७८ ची खाच रुंद असते. लाँगप्लेची बारीक सुई तिच्यात ठेवली, तर ती तळाशी घसरत धूळच वाजविते. त्यासाठी सुमारे तीन सहस्रांश इंचाच्या टोकाची सुई लागते, आणि ती मिळते. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन मात्र एका बाजूला एकच वापरायची, हा नियम आजोबा पाळीत, आपण विसरलो. गंजलेली पिन दहा वेळा लावून पाहणाऱ्यांनी जितक्या तबकड्या मारल्या, तितक्या बहुधा बुरशीनेही मारल्या नसतील.

आता मोबाइलवर मुद्रण करून चारचौघांना धाडणे सोपे झाले आहे. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. गीतकार-संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. त्यामुळे करीमखाँची १९०५ ची बाजू आणि १९७० चे चित्रपटगीत यांना एकच न्याय लागत नाही, हे जाहीर प्रसारणापूर्वी ध्यानात घ्यावे.

आमच्या बावीसपैकी सतरा तबकड्यांची ओळख एव्हाना पटली आहे. बहुतेक नाट्यपदे, दोन भावगीते, एक विनोदी संवाद. स्पिरिटने मारलेल्या तबकडीवर हिराबाई बडोदेकर होत्या. त्यांची जन्मभूमीही मिरजच. संग्राहक म्हणाले, ही बाजू त्यांच्याकडे आहे, चिंता नको. एकीचे लेबल पुरते गेले आहे, आवाज पुरुषाचा, तंबोरा नाही, शेवटी कोणी तरी काही बोलते ते खरखरीत बुडते. सुरुवातीच्या काळात गायक शेवटी स्वतःचे नाव पुकारीत, कारण साचे परदेशी जात आणि तेथल्या कारागिरांना लेबल कोणाचे लावायचे ते कळत नसे. कडेवरचा आकडा टिपून मी मुंबईला धाडला आहे. दर रविवारी दूरध्वनी येतो : ‘सध्या काय लावलंय?’ मी तीच बाजू सांगतो.