गोठलेली नदी आणि दोन आया

‘फ्रोझन रिव्हर’मधली नदी सेंट लॉरेन्स. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला तिच्या दोन्ही काठांवर मोहॉक आदिवासींचा ॲक्वेसास्ने हा मुलूख पसरला आहे. १७८३ साली ब्रिटन आणि अमेरिकेने आखलेली सरहद्द या मुलखाच्या मधोमध गेली. पलीकडचा भाग आज कॅनडाच्या ओंटारिओ आणि क्वेबेक प्रांतांत मोडतो. आदिवासींना सरहद्दीवरून ये-जा करण्याची मुभा १७९४ च्या जे करारात मान्य झाली. हिवाळ्यात नदी गोठली की गाडी थेट बर्फावरून पलीकडे जाते. ना पूल, ना नाका. दिग्दर्शिका कोर्टनी हंट यांनी २००८ साली हा आपला पहिला चित्रपट उभा केला तो याच फटीत.

रे एडी ही दोन मुलांची आई एका स्वस्त वस्तूंच्या दुकानात अर्धवेळ काम करते. नाताळ तोंडावर आलेला असताना तिचा जुगारी नवरा नव्या घराच्या हप्त्याचे पैसे घेऊन पसार होतो. हे घर म्हणजे ट्रकवर लादून आणायचा तयार सांगाडा. पैसे नाहीत म्हटल्यावर तो आल्या वाटेने परत जातो. मुलांच्या ताटात पॉपकॉर्न आणि टँग. नालासोपारा पूर्वेतल्या ४१ अनधिकृत इमारती २०२४-२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या, तेव्हा तिथल्या कुटुंबांनी जे सोसले ते पाहिलेल्या वसई-विरारकराला रेचा घराचा हट्ट वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी आई लायला, मोहॉक विधवा. तिचे तान्हे मूल सासूने इस्पितळातूनच नेलेले. रेच्या गाडीची डिकी आतून बटण दाबून उघडते आणि गोऱ्या बाईला पोलीस सहसा अडवत नाहीत, एवढ्या भांडवलावर दोघींचा धंदा सुरू होतो: कॅनडातून चिनी, पाकिस्तानी माणसे डिकीत घालून आणायची. एका खेपेला पाकिस्तानी जोडप्याच्या पिशवीत बॉम्ब असेल या धास्तीने रे ती बर्फावर फेकून देते. पिशवीत बाळ असते. दोघी अंधारात मागे फिरतात. निपचित पडलेले बाळ लायलाच्या छातीशी, उबेत पुन्हा हलते. हंट इथे रडारड घडवत नाहीत, संगीताचा मारा करत नाहीत. रे आणि लायला साकारणाऱ्या मेलिसा लिओ आणि मिस्टी अपहॅम यांचे ताठर, थकलेले चेहरे पुरेसे ठरतात. डिकीतल्या माणसांना मात्र चित्रपट जवळजवळ बोलूच देत नाही; ही त्याची उणीव म्हणावी लागेल. सनडान्स महोत्सवात ज्युरींचा सर्वोच्च पुरस्कार आणि ऑस्करची दोन नामांकने (मुख्य अभिनेत्री व मूळ पटकथा) त्याच्या वाट्याला आली.

चोरवाट पडते ती दोन कायद्यांच्या सांध्यात. वसई-विरारकडून पाहिले तर असा सांधा आखाताच्या दिशेला आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ (स्थलांतर मंजुरी आवश्यक) असा शिक्का असतो. सौदी, कुवेत, ओमान धरून १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी त्यांना १९८३ च्या कायद्याखाली सरकारी मंजुरी लागते. अशा पासपोर्टवर ३० वर्षांखालच्या बाईला ही मंजुरी मिळत नाही. नियम तिच्या रक्षणासाठी आहे, पण लहान मुले असलेली, घर चालवणारी बाई बहुधा याच वयाची असते. मग एजंट तिला व्हिजिट व्हिसावर पाठवतो. कागदोपत्री ती फिरायला गेलेली असते, त्यामुळे तिचा करार सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदला जात नाही. मंजुरी घेऊन जाणाऱ्याला प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यूसाठी १० लाखांचे संरक्षण बंधनकारक आहे. तेही तिला मिळत नाही. तिथे गेल्यावर कफाला पद्धतीत कामगाराचा परवाना मालकाशी बांधलेला असतो. हिच्याकडे तर तोही नसतो, म्हणून मालकाचे घर सोडून पळाली तर गुन्हेगार तीच ठरते. तक्रारीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ पोर्टल २०१५ पासून आहे, आणि गावी राहिलेले नातेवाईकही त्यावर तक्रार नोंदवू शकतात.